हळदीचा डाग आणि चुन्याची निवळी

कळव्याच्या एका रसायनशास्त्राच्या पदवीधर मुलीने चार प्रश्न विचारले आहेत. दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखिते यांच्या जतनाचे काम प्रत्यक्षात कसे असते, त्याचे शिक्षण कोठे मिळते, त्यावर चरितार्थ चालतो का, आणि चरईतले जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना माळ्यावर सापडलेल्या पणजोबांच्या पोथ्यांवर हात बसवला तर चालेल का? गेली पंचवीस वर्षे मी ठाण्यात हेच काम करीत आले आहे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देते: चालणार नाही. सराव रद्दीवर करावा. असे का, हे एकदा समजले की पहिल्या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर मिळते.

माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांचे नुकसान वाळवीने, कसरीने आणि पावसाने केलेले असते हे खरे. परंतु त्यातला मोठा वाटा ते कागद जिवापाड जपणाऱ्या माणसांचा असतो. फाटलेल्या पानाला कोणीतरी मायेने चिकटपट्टी लावलेली असते. काही वर्षांनी तिची वरची फिल्म सुटून गळते, पण खालचा चिकट थर कागदात मुरतो, पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि तेवढा भाग तेल लागल्यासारखा पारदर्शक होऊन मागची अक्षरे पुढे दिसू लागतात. अशी एक वीतभर पट्टी द्रावकाने काढताना माझा अख्खा दिवस जातो आणि डाग बहुधा राहतोच. कोणी जीर्ण पाने झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणतो. तेथे माझे काम जवळजवळ संपलेले असते, कारण उष्णतेने वितळून चिकटलेले ते प्लास्टिक कागदाच्या तंतूंसह निघते. कोणी बांधणीवाल्याकडे देतो, तो कडा ‘सारख्या’ करण्यासाठी समास कातरतो, आणि समासात लिहिलेले पत्रांक, म्हणजे पानांचे आकडे, व टिपा त्या कातरणाबरोबर जातात. शिवाय त्याच्या मैद्याच्या खळीत किडीसाठी मोरचूद घातलेले असते. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. कीड त्याने कदाचित लांब राहत असेल, पण कागदाचे जळणे तो वेगाने पुढे नेतो.

केवळ अडाणीपणातून असे घडते असेही नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात यंत्राशिवाय, केवळ अॅसिटोनच्या साहाय्याने कागदावर सेल्युलोज अॅसिटेटची फिल्म आणि तलम टिश्यू चढवण्याची पद्धत विकसित झाली. त्या काळातले ते उत्तम शास्त्रीय उत्तर होते आणि देशभरातील दफ्तरे त्या पद्धतीने हाताळली गेली. आज अशा काही फायली उघडल्या की व्हिनेगरचा वास येतो, कारण अॅसिटेटचे विघटन होताना अॅसिटिक आम्ल सुटते. म्हणून आमच्या कामाचा पहिला नियम असा की जे आपण लावू ते पुढच्या माणसाला कागद न दुखावता काढता आले पाहिजे, आणि जे करण्यावाचून भागते ते करू नये. हा नियम पाठ करणे सोपे आहे. माझ्या अंगी तो एका चुकीनंतर मुरला, ती येथे सांगते.

कामाला लागून तिसरेच वर्ष होते. एका घरातून नित्यपाठातली गुरुचरित्राची पोथी आली होती. पाने आम्लधर्मी झाली होती, म्हणून ती चुन्याच्या पातळ निवळीत बुडवून आम्ल मारायचे ठरवले. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे द्रावण म्हणजे आपली चुन्याची निवळीच; पान वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी तिचा संयोग होऊन कागदात कॅल्शियम कार्बोनेटचा बारीक साठा राहतो आणि पुढे तयार होणारे आम्ल तो शोषून घेतो. शाई पाण्यात टिकते का हे मी थेंब टाकून, टिपकागद दाबून नीट तपासले होते. चौदाव्या अध्यायाचे पहिले पान निवळीत सरकवले आणि डोळ्यांदेखत पानाच्या कोपऱ्यावर, ओळींच्या मध्ये, समासात तांबडे ठिपके उमलू लागले. ती हळद होती. पूजेच्या वेळी बोटांना लागलेली, पिढ्यान्‌पिढ्या त्या पानावर उतरलेली, सुक्या कागदावर फिकट पिवळी म्हणून माझ्या नजरेतून सुटलेली. अल्कधर्मी द्रव्यात हळदीचा रंग तांबडा होतो; कुंकू करताना हळदीवर हीच क्रिया करतात, आणि ती तर मी आजीकडे लहानपणी पाहिली होती. पान लगेच बाहेर काढून स्वच्छ पाण्यातून नेल्यावर तांबडेपणा बराच उतरला, पूर्ण गेला नाही. त्या कुटुंबाला मी खरे काय ते सांगितले. त्यांनी मोठ्या मनाने पोथी माझ्याकडेच राहू दिली, पण त्यानंतरच्या प्रत्येक पानावर मी शाईइतकीच डागांचीही चाचणी करते. ग्रंथालयांचे जांभळे शिक्के, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीच्या खुणा, मालकाची सही यांतले काय पाण्यात धावेल हे पाहिल्याशिवाय ओला ब्रशसुद्धा पानाला लावत नाही.

तो डाग काढायचा होता का, हा प्रश्न मला नंतर सुचला. गुरुचरित्राच्या पोथ्यांत चौदावा आणि अठरावा अध्याय सर्वांत मळलेला असतो, कारण तेच अध्याय रोज वाचले जातात. उजव्या कोपऱ्यावरचा अंगठ्याचा मळ, निरांजनातल्या तुपाचा ठिपका, हळदीचा स्पर्श हे सर्व त्या पोथीच्या वापराचा पुरावा आहे. आता मी सुटी धूळ, जुनी खळ, बुरशीची पूड काढते. मळ कागदाला इजा करीत नसेल तर त्याला हात लावत नाही.

नवशिक्यांना आणखी एका गोष्टीचे नवल वाटते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची पोथी बहुतेक वेळा शंभर वर्षांच्या छापील पुस्तकापेक्षा निरोगी असते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरकडे हाताने केलेला कागद चिंध्या आणि तागासारख्या लांब तंतूंचा असे, त्यावर पिठाची खळ चढवून तो दगडाने किंवा शंखाने घोटून गुळगुळीत करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त यंत्रकागद आला. त्याचे तंतू आखूड होते आणि शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी व राळ घालीत. ही तुरटी दमट हवेत हळूहळू आम्ल सोडते आणि कागद आतून कुरकुरीत होतो. साधारण १८७० ते १९४० या काळातील आपली मासिके, नाटके, कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रे आज सर्वांत जास्त धोक्यात आहेत, आणि दुर्दैवाने ‘हस्तलिखित’ म्हटल्यावर जो आदर मिळतो तो त्यांच्या वाट्याला येत नाही. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने आपल्या ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, ते याच काळात. पोथी आणि तिच्या शेजारचे १९१० सालचे मासिक यांत मला एकच वाचवायचे असेल, तर मी आधी मासिकाकडे धावेन. पोथी अजून शंभर वर्षे वाट पाहू शकते.

शाईचेही तसेच आहे. मराठी पोथ्या बहुधा काजळीच्या शाईने लिहिलेल्या आहेत. काजळी म्हणजे कार्बन, ती उन्हाने उडत नाही आणि कागद खात नाही, फक्त डिंक विरघळला तर पाण्यात पुसते. याउलट मायफळ आणि हिराकस यांची लोहयुक्त शाई, जी वसाहतकालीन नोंदवह्या, करारपत्रे आणि दस्तऐवज यांत सर्रास आढळते, ती अक्षराच्या जागी कागद जाळत जाते आणि शेवटी अक्षरांच्या आकाराची भोके उरतात. अशा पानाला पाणी लावले तर सुटे लोह आजूबाजूला पसरते आणि जळणेही पसरते. त्यासाठी बॅथोफेनॅन्थ्रोलिनची चाचणीपट्टी असते, ती सुट्या लोहाने गुलाबी होते; पट्टी गुलाबी झाली की ओल्या खळीचा विचार सोडून जिलेटिनचा लेप दिलेला, अगदी नावापुरता ओलावलेला टिश्यू वापरावा लागतो. लेखनिक चूक झाकायला हरताळ फासत, आणि वाक्प्रचारात तो अजून जिवंत आहे. पोथीतला पिवळा हरताळ म्हणजे आर्सेनिकचे संयुग आणि तांबड्या दंडाचा हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे, तेव्हा बोट जिभेला लावून पान उलटण्याची सवय या क्षेत्रात येण्याआधीच सोडावी.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीविषयी. तिचे मुख्य साहित्य तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात होते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तोच आमच्या खळीचा पाया आहे. गाळताना चोथा आणि चिकट प्रथिन मागे राहते आणि तळाशी शुद्ध स्टार्च बसतो. एक भाग स्टार्चला चार-पाच भाग पाणी घेऊन मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सतत ढवळत शिजवायचे, थंड झाल्यावर बारीक चाळणीतून दोन-तीनदा काढायचे आणि मग लागेल तेवढे पातळ करायचे. बाजारात तयार शुद्ध स्टार्च मिळतो, मीही बहुतेक वेळा तोच आणते; पण शिकणाऱ्याने एकदा तरी चीक स्वतः काढावा असा माझा आग्रह असतो. त्यामुळे खळीचा पोत बोटांना कळतो. पावसाळ्यात ती दोन दिवसांत आंबते, म्हणून वाटीभरच करावी.

फाटलेल्या जागी जपानी तुतीच्या सालीचा टिश्यू लावतात, चौरस मीटरला साडेतीन ते दहा ग्रॅम वजनाचा. तो कात्रीने कापत नाहीत. पाण्यात बुडवलेल्या बारीक ब्रशने रेघ ओढून त्या रेघेवर हलकेच ताणला की कडेला तंतूंची झालर सुटते आणि ती पानाच्या तंतूंत मिसळते. कापलेली सरळ कड पुढे स्वतःच्या रेषेवर पान मोडते. येथे नवशिक्याची सर्वांत मोठी चूक होते ती जाड ठिगळ लावण्याची. ठिगळ नेहमी पानापेक्षा दुबळे असावे, म्हणजे पुन्हा ताण आलाच तर ठिगळ फाटेल आणि पान राहील. लावल्यावर न विणलेले पॉलिएस्टर कापड, टिपकागद, काच आणि वजन ठेवून पान वाळू द्यायचे, आणि मग दुसऱ्या कामाला लागायचे. दिवसाला चार पाने नीट झाली तर मी दिवस चांगला गेला असे समजते. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र, पत्रांकांची मोजणी आणि स्थितीची लेखी नोंद होते. पोथीची पाने सुटी असतात. एकदा क्रम विसकटला आणि पत्रांक झिजलेले असले, तर तो लावण्यासाठी मजकूर वाचता यावा लागतो, म्हणून मोडी आणि जुन्या बाळबोध वळणाची ओळख या व्यवसायात ब्रशइतकीच उपयोगी आहे.

तरीही खरे सांगायचे तर ठाण्यात माझे निम्मे काम ब्रशने होत नाही, ते हवेशी करावे लागते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरशीचे बीज धरते, आणि खाडीकाठच्या आपल्या शहरात जून ते सप्टेंबर ती त्याच्या पुष्कळ वर असते. ग्रंथालये हौसेने वातानुकूलन बसवतात, दहाला सुरू करतात आणि सहाला बंद करतात. रात्री बाहेरची दमट हवा आत येऊन थंड पुस्तकांवर पाणी धरते, कागद रोज फुगतो आणि रोज आकसतो. असे यंत्र असण्यापेक्षा भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली कपाटे, मंद फिरणारे पंखे आणि आर्द्रतामापक एवढेच असलेले बरे, असे माझे मत आहे. अनेक विश्वस्त मंडळांना ते पटत नाही, कारण पंख्याचे उद्घाटन करता येत नाही.

जुन्या लोकांना हवेचे हे गणित ठाऊक होते. पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत, ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्’, म्हणजे तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राख. त्यातले सैल बांधणीचे भय मला सर्वांत शास्त्रीय वाटते. दोन फळ्यांमध्ये पाने घट्ट दाबून सुती बासनात करकचून बांधली की दमट हवेला आणि कसरीला शिरायला फट उरत नाही, आणि सुताचे पदर बाहेरचा ओलावा आधी स्वतः शोषतात. जैन भांडारांत कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, ग्रंथ काढून झाडण्याची रीत आहे. पावसाळा सरल्यावरचा तो कोरडा काळ असतो. वेखंडाची पुरचुंडी बासनाच्या बाहेर ठेवायला हरकत नाही. कडुनिंबाचा पाला पानांच्या मध्ये घालू नये, त्याचा डाग पडतो. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. कीड मरण्याआधी वाचणाऱ्याचे डोके दुखते. किडीसाठी आम्ही पोथी पिशवीत हवाबंद करून उणे वीस अंशांवर दोन आठवडे ठेवतो आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडत नाही, नाहीतर आपल्या हवेत थंड कागदावर क्षणात दव धरते.

गोठवण्याचा दुसरा उपयोग ठाणेकरांना २६ जुलै २००५ नंतर कळायला हवा होता. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढचे कित्येक महिने भिजलेले कागद माझ्याकडे येत राहिले. भिजलेला कागद ४८ तासांच्या आत वाळवायला घ्यावा, ते शक्य नसेल तर गोठवावा. गोठलेला कागद महिनोन्‌महिने वाट पाहू शकतो. लोकांनी मात्र पुस्तके गच्चीवर उन्हात पसरली होती. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तके वाळताना विटेसारखी एकजीव झाली आणि ती कोणालाही सोडवता आली नाहीत. तुर्भ्याच्या बाजारात फळे ठेवायची शीतगृहे आहेत. एखाद्या संस्थेने आपत्तीसाठी तेथे आधीच शब्द टाकून ठेवला, तर त्या तजविजीला खर्चही येत नाही.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगते. रसायनशास्त्राची पदवी हा उत्तम पाया आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या दिल्लीतील अभिलेख अभ्यास शाळेत एक वर्षाची पदविका आणि काही आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात, जतनशास्त्रातील एम. ए. पूर्वीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेत, म्हणजे आताच्या भारतीय वारसा संस्थेत, करता येते. लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संशोधन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलाजतन केंद्र आहे, पुण्यात भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत. पदविकेनंतर दोन-तीन वर्षे कोणाच्या तरी हाताखाली काढण्याला पर्याय नाही.

चरितार्थाचे म्हणाल तर कायम नोकऱ्या थोड्या आहेत. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाल्यापासून प्रकल्पांवर काम मिळू लागले, पण ते पानांच्या हिशेबाने आणि मुदतीचे असते. निविदेत कमीत कमी दराला काम गेले की दिवसाला चारऐवजी चाळीस पाने करावी लागतात, आणि त्याचे काय होते ते दहा वर्षांनी माझ्यासारखीच्या टेबलावर दिसते. मी स्वतः पहिली सहा वर्षे सकाळी शिकवण्या घेत होते. आता खासगी संग्राहक, जुनी घराणी आणि लहान ग्रंथालये यांच्या कामावर घर नीट चालते. श्रीमंती आलेली नाही.

राहिल्या तुमच्या पणजोबांच्या पोथ्या. दसऱ्यानंतरचा एक कोरडा दिवस पाहा, हात साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, टेबलावर पांढरी धुतलेली चादर घाला आणि बासने एकेक करून उघडा. पाने ज्या क्रमाने असतील त्याच क्रमाने मोजा आणि पहिल्या व शेवटच्या पानाचे छायाचित्र घ्या. शेवटच्या पानावरच्या पुष्पिकेत, म्हणजे लेखनिकाच्या समाप्तीच्या नोंदीत, शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवून साधारण इसवी सन निघेल. पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुने आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाला आठवण म्हणून एखादी पोथी देण्याचा बेत असेल तर तो सोडावा. चिकटलेली पाने ओढू नका, पावडरीसारखी बुरशी दिसली तर ते बासन मास्क लावून वेगळे काढा, आणि घरातले कोणी जीर्ण पोथ्या खाडीत विसर्जित करायचे म्हणत असेल तर त्यांना आठ दिवस थांबवा. जुने बासन धुण्याजोगे असेल तर नीळ किंवा खळ न घालता धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून पुन्हा वापरा. नसेल तर कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा दोनदा धुऊन घ्या. हलवाहलवीच्या घाईत पोथ्या ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरल्या असतील, त्यांतून मात्र दसऱ्याची वाट न पाहता आजच बाहेर काढा.